उडदाचा भाव, कैद्याचे नाव

जळगावात मध्यंतरी परराष्ट्र धोरणावर एक व्याख्यान ऐकले. वक्ते अभ्यासू, आकडे तोंडपाठ. ब्रह्मदेशाचा विषय निघाला तेव्हा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुम्हाला तूर हवी की तत्त्व?" सभागृहात टाळ्या पडल्या. डाळमिलांच्या गावात तुरीच्या बाजूने टाळी घ्यायला वक्तृत्व लागत नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण हल्ली या विषयावरची आपली सगळी चर्चा त्या एका वाक्यात मावते.

व्यवहार खराच आहे. 1 फेब्रुवारी 2021 ला ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता बळकावली. आंग सान स्यू ची आणि निवडून आलेले कितीतरी लोकप्रतिनिधी कैदेत गेले. 18 जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बंडाचा निषेध करणारा ठराव 119 मतांनी मंजूर झाला. 36 देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. त्याच महिन्यात पाच वर्षांचा डाळीचा करार जाहीर झाला: दरवर्षी अडीच लाख टन उडीद, एक लाख टन तूर. बाजारात जिला 'लेमन तूर' म्हणतात ती हीच. ती आली नाही तर भाव कुठे जातील ते दाणाबाजारात विचारावे. (ती फार आली तर काय होते, ते आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारावे, त्याला कुठल्या व्याख्यानाला बोलावत नाहीत.)

दोन मते आधीच बाजूला ठेवतो. संबंधच तोडा म्हणणाऱ्यांनी मिझोरामची सीमा नकाशात तरी पाहावी. आणि स्यू चींनी 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन रोहिंग्यांच्या प्रकरणात लष्कराचीच बाजू घेतली, मग त्यांची कसली काळजी, असे म्हणणाऱ्यांना एवढेच, की कैद्याची चौकशी करायला तो संत असावा लागत नाही.

खरा वाद तिसऱ्या मताशी आहे, कारण ते सभ्य आहे. ते म्हणते: आम्ही बोलतो, पण आतून बोलतो. 21 डिसेंबर 2022 ला सुरक्षा परिषदेत स्यू चींच्या सुटकेची मागणी करणारा ठराव आला. बारा देश बाजूने. चीन, रशिया आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद भूषवणारा भारत तटस्थ. कारण दिले गेले शांत, संयमी मुत्सद्देगिरीचे. आता शांतपणे बोलण्याला माझा विरोध नाही. घरातली भांडणे काय आणि राष्ट्रांची काय, चव्हाट्यावर मिटत नाहीत. अडचण अशी, की आतून बोलणारा आणि गप्प बसणारा यांच्यातला फरक बाहेरच्याला कळायला काही खूण लागते. जुलै 2022 मध्ये माजी खासदार फ्यो झेया थॉ यांच्यासह चौघांना फाशी दिल्याचे ब्रह्मी लष्कराने जाहीर केले आणि आपण तीव्र चिंता व्यक्त केली. फाशीनंतरची चिंता कुणालाही करता येते. एखादा सुटला तर 'बघा, आतून बोललो होतो', आणि फाशी गेला तर 'बघा, ऐकणारे नाहीतच, बोलून काय उपयोग'. दोन्ही टोकांनी बरोबरच ठरणारे धोरण तपासायचे कसे?

या मताचा सर्वात वजनदार दाखला 1995 चा. मिझोरामच्या सीमेवर दोन्ही सैन्यांची बंडखोरांविरुद्ध संयुक्त मोहीम चालू होती, त्याच सुमारास आपण स्यू चींना नेहरू पुरस्कार जाहीर केला आणि ब्रह्मी सैन्याने हात काढून घेतला, असे सांगतात. हा किस्सा मी इतक्यांदा ऐकला आहे की तो आता मंत्रासारखा म्हटला जातो. खरा धरू. पण त्यातून सिद्ध काय होते? पुरस्कार ही घोषणा होती. तिच्यात यांगूनला काही विचारलेले नव्हते, उत्तर मागितलेले नव्हते. आपण आपल्याच अंगणात आरती ओवाळली आणि शेजाऱ्याने दार लावून घेतले. शिवाय ते दार लवकरच उघडलेही. 2004 मध्ये ब्रह्मी लष्करी राजवटीचे प्रमुख जनरल थान श्वे दिल्लीला आले, 2010 च्या जुलैत पुन्हा आले, आणि तेव्हा राष्ट्रपती भवनात त्यांचे स्वागत आमच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटलांनी केले. राष्ट्रपतीचे ते कामच असते. मला त्यात काही गैर वाटत नाही. स्यू ची त्या वेळी नजरकैदेत होत्या. पाहुण्याला हार घालणे आणि त्याच पाहुण्याला 'त्या बाई कशा आहेत?' विचारणे एकाच दिवशी जमते. डिसेंबर 2021 मध्ये परराष्ट्र सचिव हर्षवर्धन श्रृंगला ब्रह्मदेशात गेले, तेव्हा स्यू चींना भेटू द्या अशी विनंती त्यांनी केल्याच्या बातम्या आल्या. विनंती नाकारली गेली. उडीद येतच राहिला. बोलण्याची किंमत मोजावी लागते म्हणणाऱ्यांनी हा दाखला कधी दिल्याचे मला आठवत नाही.

मुद्दा मी उगाळतो आहे, पण तो निषेध आणि विचारणा यांतल्या फरकाशी येऊन थांबतो, म्हणून उगाळतो आहे. निषेध राजवटीचा असतो आणि बहुतेकदा आपल्याच मतदारांना ऐकवायचा असतो. विचारणा माणसाची असते, नाव घेऊन असते, आणि तुरुंगाधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागेल अशी असते. आडतीवर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. वसुली या वर्षी होणार नाही हे माहीत असूनही तो उधारी खात्यावर नावानिशी, तारखेनिशी मांडतो. तगादा लावला नाही तरी चालते. मांडलीच नाही, तर ती उधारी राहत नाही, दान होते.

असे मांडून ठेवलेले एक नाव आपल्याकडेही आहे, मोहन रानडे. ते सांगलीचे. गोव्यात शिक्षक झाले, पोर्तुगीजांविरुद्ध लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले, 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते पोर्तुगालमध्ये कैदेत होते, आणि पुढची सात वर्षे तिथेच राहिले. भारताचे पोर्तुगालशी राजनैतिक संबंधच नव्हते. ते 1974 च्या अखेरीस जुळले. तूर नव्हती, वकिलात नव्हती, दबाव आणायला काहीच हाती नव्हते. पण इकडे सुधीर फडक्यांसारखी माणसे ते नाव विसरू देत नव्हती, आणि 1968 मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोप पॉल सहावे यांना भेटले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काही न मागता हे एक नाव पुढे केले. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. तोवर पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार सत्तेवरून गेले होते, म्हणून सुटका झाली, असे कुणी म्हणेल. म्हणावे. पण नवा माणूस खुर्चीत बसला, तेव्हा ते नाव त्याच्यापर्यंत आधीच पोहोचलेले होते.

आणि जुलमी राजवट आपलीच असते तेव्हा? 1976 मध्ये, आणीबाणीत, जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले, तेव्हा विली ब्रांट, पाल्मे, क्रायस्की या युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी दिल्लीकडे त्यांच्याबद्दल काळजी कळवली होती. त्याला आपल्या घरात नाक खुपसणे म्हणणारा आज कुणी भेटत नाही.

दूरच्या जुलमाबद्दल बोलणे आपल्याकडेही नवे नाही. आमच्या जिल्ह्यातल्या फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष नेहरू, भाषणात स्पेन होता, फॅसिझम होता, आणि खान्देशातली खेड्यापाड्यांची माणसे ते ऐकत होती. तेव्हा सोपे होते हे मी मान्य करतो. हाती सरकार नव्हते, स्पेनमधून डाळ येत नव्हती. आज दोन्ही आहे, म्हणून तर विचारणा जमण्यासारखी आहे. ज्याच्याकडून माल घेतो त्याच्याकडे विचारायला निमित्त शोधावे लागत नाही.

मंडाले म्हटले की आपल्याला टिळक आठवतात, गीतारहस्य आठवते, आणि आपण पान मिटतो. त्याच देशातल्या आजच्या तुरुंगांसाठी आपल्या खासदारांना फार काही करायचे नाही. डाळीच्या आयातीचा विषय संसदेत येईल तेव्हा जळगाव, रावेर, धुळ्याच्या खासदारांनी एक अतारांकित प्रश्न टाकावा: ब्रह्मदेशातल्या कोणकोणत्या कैद्यांबद्दल सरकारने नाव घेऊन विचारणा केली, कोणत्या तारखांना, आणि उत्तर काय आले? अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते.