रिकामा पाळणा

रिकामा पाळणा हलवू नये, असं आपल्याकडे सांगतात. का हलवू नये ते विचारू नये, हेही त्यातच आलं. आताचे बालरोगतज्ज्ञ सांगतात की पाळणा रिकामाच हवा. आत फक्त बाळ असावं. म्हणजे हलवायचा तो रिकामा नको आणि निजवायचा तो रिकामा हवा! या दोन वाक्यांच्या मध्ये माझ्यासारखा बी. कॉम. माणूस सापडला, की त्याला तत्त्वज्ञान सुचू लागतं. एरवी आम्हाला फार तर व्याजाचे दर सुचतात.

प्रश्न असा, की ज्याला स्वतःचं बरंवाईट सांगता येत नाही, त्याच्यासाठी आपण जे जे करतो ते त्याच्यासाठी असतं, की आपल्याच जिवाला बरं वाटावं म्हणून?

निमित्त घरचंच. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि पाळण्याची खरेदी माझ्या अंगावर पडली. "तू बँकेत आहेस, तुला व्यवहार कळतो," असं आईचं मत. मी आपला खिशात फूटपट्टी घालून निघालो.

दुकानदार म्हणाला, "साहेब, हा बघा. चाकं आहेत, झोका आहे, बटण दाबलं की गाणं लागतं."

मी विचारलं, "दोन दांड्यांमध्ये अंतर किती?"

काउंटरवर सुट्टे मागणाऱ्याकडे आम्ही ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं. पण अंतर महत्त्वाचं असतं. ते सहा सेंटिमीटरहून जास्त नको; नाहीतर बाळाचं अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. एक कठडा खाली सरकणारे पाळणेही मी नाकारले. वाकायला ते सोयीचे खरे. पण कठडा निखळून फटीत मुलं अडकली, काही दगावली, म्हणून अमेरिकेत जून २०११ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. शेवटी चारी कठडे पक्के असलेला, न झुलणारा, न गाणारा पाळणा घेतला. गादी सपाट आणि घट्ट. घरी आल्यावर आईने तिच्यावर बोटं टेकवून बघितली आणि म्हणाली, "यापेक्षा पोळपाट मऊ असेल."

मग माया येऊ लागली. आत्याने डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी आणली. शेजारच्या काकूंनी दोन्ही बाजूंना लावायला लोड शिवले. मावशीने कापसाचा ससा पाठवला, तो बाळापेक्षा मोठा. कुणीतरी उशीखाली ठेवायला अडकित्ता दिला. त्याने भूतबाधा टळते म्हणे. डॉक्टरीणबाईंचा कागद मात्र कोरडा होता: उताणं निजवा, उशी नको, लोड नको, सैल पांघरूण नको, खेळणी नकोत. तान्ह्या बाळाचं तोंड मऊ वस्तूत रुतलं, तर मान वळवून सुटण्याइतकी ताकद त्याच्यात नसते.

आमच्या बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. पहिला लबाड असतो म्हणून नव्हे. प्रामाणिक माणूसही शून्य जास्त टाकतो म्हणून. मायेला मात्र तपासनीस नसतो. "एवढ्या प्रेमाने आणलंय" म्हटलं, की नोंद पास!

आणि हे फक्त अडाणीपणाचं नाही हो. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ साली निघालं आणि जगभर घराघरांत वाचलं गेलं. मोठा मायाळू माणूस. १९५८ च्या आवृत्तीत त्यांनी सांगितलं, बाळाला पालथं निजवा. उताणं असताना उलटी झाली तर गुदमरेल. तर्क कसा अगदी सरळ! फक्त तो पडताळून पाहिलेला नव्हता. पालथं निजणाऱ्या बाळांतच झोपेतले अचानक मृत्यू अधिक होतात, हे पुढे उघड झालं. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सल्ला उलटा फिरवला आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथले असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मधल्या काळात ज्यांनी आपली मुलं पालथी निजवली, त्यांचं प्रेम का कमी होतं?

हे ऐकून आई एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला उताणंच निजवलं. मला कुणी पुस्तक दिलं नव्हतं." तेव्हा तपासनिसाने कुठल्याही बाजूला फार ऐटीत बसू नये.

खरी पंचाईत झाली ती गोधडीची. आईने आपल्या दोन जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी शिवली होती. डोळ्याला नीट दिसत नसताना, चार महिने, एकेक टाका. ससा मी बेधडक माळ्यावर टाकला होता, लोड परत केले होते. गोधडीपाशी हात अडला. बहिणीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. "नको" हा शब्द कर्जदाराला मी दिवसातून दहा वेळा ऐकवतो; आईला तो कुठल्या फॉर्मवर द्यायचा?

आईच म्हणाली, "कागदात नको लिहिलंय ना? मग नको. त्याला ऊब मिळावी म्हणून शिवली. मला बरं वाटावं म्हणून थोडीच त्याच्यावर घालायची?"

मी ज्या प्रश्नाभोवती आठवडाभर फूटपट्टी घेऊन हिंडत होतो, तो तिने टाका तोडावा तसा तोडला. दिवसा बाळ जागं असताना, मांडीवर, सर्वांच्या डोळ्यांदेखत गोधडी वापरायची असं ठरलं.

रात्री डोळे जड झाले, पण अजून मिटले नाहीत, तेवढ्यात बहीण बाळाला खाली ठेवते. खोली तीच, हाताच्या अंतरावर, पण बिछाना वेगळा. इतकं करूनही हमी कुणी देत नाही. बँकेतल्या ठेवीलासुद्धा पाच लाखांपर्यंत विमा असतो. इथे तोही नाही. म्हणून जो तो पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून श्वास बघून जातो.

काल रात्री दीडला मी असाच उठलो. पाळण्यात एकटं बाळ, हात वर करून, उताणं, गाढ झोपलेलं. आणि पाळण्याबाहेर घरातली सगळी माणसं, मांडीवर गोधडी घेतलेल्या आईसकट, टक्क जागी.