हिज्कीयाचे भांडार आणि आमचा मोबाइल
(वचन: २ राजे २०: १२-१९)



हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्यातून नुकताच उठला होता. ते वर्तमान ऐकून बाबेलच्या राजाने पत्रे व नजराणा देऊन आपले जासूद त्याजकडे धाडिले. समाचारास आलेल्या त्या परक्यांस राजाने रुपे, सोने, सुगंधी द्रव्ये, मोलवान तेल, शस्त्रागार, सर्व काही दाखविले. मग यशया संदेष्ट्याने येऊन विचारिले की, ती माणसे काय म्हणाली, कोठून आली, आणि त्यांनी तुझ्या घरात काय काय पाहिले?

ध्यानात घ्या की, ते जासूद लुटावयास आले नव्हते. दुखण्याचा समाचार घ्यावयास आले होते. आजही आरंभ असाच गोड असतो. कोणी म्हणतो, मी बँकेतून बोलतो, आपले खाते बंद पडू नये म्हणून आलेला ओटीपी तेवढा सांगा. तो कोणासही सांगू नये. इसहाकाला वाणी याकोबाची वाटली, तरी केसाळ हात चाचपून त्याने आशीर्वाद देऊन टाकिला. तसेच ओळखीच्या माणसाचे छायाचित्र लावून कोणी पैसे मागितले, तर आधी त्या माणसाच्या जुन्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करून विचारावे. आणि फसगत झालीच तर लाजून घरी बसू नये. १९३० या सरकारी मदत-क्रमांकावर तत्काळ कळवावे.

इतके आता पुष्कळांस ठाऊक झाले आहे. आम्हांस बोलावयाचे आहे ते निराळेच. हिज्कीयाने निदान आपलेच भांडार दाखविले. आम्ही दुसऱ्याचे दाखवितो, आणि तेही प्रार्थनेच्या नावाने.

पुष्कळ मंडळ्यांचा आता व्हॉट्सॲपवर प्रार्थनेचा गट असतो. विखुरलेल्या कुटुंबांस तो मोठा आधार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तेथील संदेश वाटेत कोणास वाचता येत नाही, असे सांगतात, व ते खरे आहे. पण कुलूप वाटेला आहे, तो ज्या घरी पोहोचतो त्या घराला नाही. गटातील कोणीही तो मजकूर पुढे धाडू शकतो, किंवा पडद्याचे चित्र काढून ठेवू शकतो. पाठविलेला संदेश पुसण्याची सोय आहे खरी. परंतु जो पुढे गेला तो माघारी येत नाही.

योसेफाकडे पाहा. दोष मरीयेचाच आहे अशी त्याची समजूत झाली होती, तरीही तिची बेअब्रू होऊ नये म्हणून तिला गुप्तपणे सोडावे असे त्याने मनात आणिले. शास्त्र त्याला नीतिमान म्हणते. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ठरविले की, खाजगीपण हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. आम्हांस हे न्यायालयाच्या आधी योसेफाकडून कळावयास पाहिजे होते.

कारण आमच्याच हातून हे पाप घडले आहे. एका तरुण भगिनीने उपासनेनंतर आम्हांस एकीकडे बोलावून दवाखान्याचा कागद दाखविला व प्रार्थना करा असे म्हटले. आम्ही कळकळीच्या भरात त्याच सायंकाळी तिचे नाव, गाव, दुखणे व त्या कागदाचे छायाचित्रही गटात घातले. तासाभरात खाली कितीतरी जणांनी आमेन लिहिले. तिसऱ्या दिवशी ती गोष्ट तिच्या सासरी पोहोचली. तिने प्रार्थना करा म्हटले होते. सांगा म्हटले नव्हते.

उपदेशक बंधूंनो, विनंती लिहिण्यापूर्वी त्या माणसास विचारा: नाव घालू काय? दुखणे कोणते ते लिहू काय? तो अडखळला, तर एका भावासाठी किंवा एका बहिणीसाठी एवढेच लिहा. ज्याच्याजवळ आपण मागतो त्याला नाव ठाऊक आहे. दवाखान्याचे कागद, आधारकार्ड, आजारी लेकरांची छायाचित्रे गटात घालूच नका.

ती भगिनी अजून उपासनेस येते, दाराजवळ सतरंजीच्या कडेला बसते. आम्ही तिची क्षमा मागितली, तेव्हा तिने मान हलविली. परंतु कोणाची काही विनंती आहे काय, असे आम्ही विचारितो, तेव्हा ती मान खाली घालून पदराचा काठ चाचपीत राहते.