दिलेलं वापस

त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा उलगडल्यावरच्या सोमवारी पक्षकार ऑफिसात आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. "साहेब, आमचं जमलं जी. लहान्यासोबत." चार एकर धानाच्या शेताची वाटणी. दावा अजून दाखल व्हायचा होता, एक नोटीस तेवढी गेली होती. बारा हजार रुपये त्यानं ऑगस्टातच आगाऊ दिले होते. दावा नको, एवढं सांगायला त्याला पाव तास लागला. पैशांचं नाव मलाच काढावं लागलं, तर त्यानं हात जोडले. "दिलेलं वापस घेत नाही जी. पाप लागते."

रामटेकात हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. वाकाटकांच्या प्रभावतीगुप्तेचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीस्वामींच्या पायांपासून दिलेला आहे, आणि तो रामगिरी म्हणजे आमचा गड असं अभ्यासक सांगतात. दिलेली जमीन हिरावणाऱ्याला नरक, हा त्या काळच्या दानपत्रांचा नेहमीचा शेवट. पण तिच्याच मुलाचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट वाचताना माझ्यातला वकील जागा होतो. हजार ब्राह्मणांना त्या काळच्या मापानं आठ हजार भूमी जमीन दिली आणि पुढे अटी घातल्या: राजद्रोह नको, चोरी नको, व्यभिचार नको, लढाई नको. यातलं काही केलंत आणि राजानं जमीन काढून घेतली, तर ती चोरी नव्हे. इतकं चोख कलम माझ्या वकीलपत्रात नव्हतं.

आणि फी हे दान नव्हेच. आम्ही सोयीनं बोलतो: मागताना तो मेहनताना असतो, ठेवून घेताना दक्षिणा. वकिलानं काम सोडलं तर न कमावलेली फी परत करावी, असं बार कौन्सिलचा नियम सांगतो. पक्षकारानं सोडलं तर काय, हे त्या वाक्यात नाही, आणि त्या मोकळ्या जागेत मीही बरीच वर्षं आरामात बसलो.

मग कमावलं किती? सातबारा-फेरफार तपासायला अर्धा दिवस, मुन्शीची तहसीलला एक चक्कर, नोटीस लिहायला दीड तास. अडीच हजार धरले. तेवढ्यात तो सहज म्हणाला, की नोटीस लहान्याच्या बायकोनं मोठ्यानं वाचली. 'आपण बेकायदेशीररीत्या' ऐकून आईनं दोन दिवस ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लहाना स्वतःहून दारात आला. म्हणजे समेट माझ्या नोटिशीनं झाला म्हणायचा, तर त्याची फी बारा हजारांहूनही जास्त व्हायला हवी. आणि म्हातारी उपाशी राहिली, ती कोणाच्या खात्यावर लिहायची? अडीच हजार खोडले नाहीत, पण ते लिहिताना हात जरा अडला.

"मंग गडावर पेटीत टाका जी," तो म्हणाला. दोघांचीही सुटका होती त्यात. पण नारदस्मृतीत दान करता न येणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत ठेव आहे. विश्वासानं आपल्याकडे ठेवलेलं दुसऱ्याचं धन देऊन टाकता येत नाही. न झालेल्या कामाचा पैसा माझ्याकडे ठेवच होता. तो रामाला वाहिला असता तर पुण्य माझ्या नावावर आणि पैसा त्याचा. त्याच यादीत सामाईक धनही आहे, हे आठवलं म्हणून विचारलं, "पैसे आणले कुठून होते?"

"घरच्या धानाचे जी. मागच्या सालचं, कोठीतलं."

"कोठी कोणाची?"

तो गप्प झाला. मग ओशाळून हसला. कोठी दोघांची होती. वाटणी व्हायचीच होती ना! भावावरचा दावा भावाच्याच धानावर उभा राहत होता, आणि फी घेताना मी हे विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं. पण फी देणाऱ्याला असले प्रश्न कोण विचारतो?

गुरुवारी दोघं आले. साडेनऊ हजार, पावतीवर दोघांची नावं. नोटा लहान्यानं मोजल्या, दोनदा. मोठा खिडकीबाहेर बघत होता.

उठता उठता लहान्यानं विचारलं, "साहेब, थे 'बेकायदेशीररीत्या' कोनं लिवलं होतं? यानं का तुमी?"

"मी."

"वाटलंच जी," तो भावाकडे बघून म्हणाला. "याले कुठं इतकं येते."