करारावर सही कोणाची?

ढाक्याजवळच्या सावारमधल्या राणा प्लाझा या आठमजली इमारतीला 23 एप्रिल 2013 रोजी मोठे तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवर बँकेची शाखा आणि दुकानं होती, वर तयार कपड्यांचे पाच कारखाने. बँकेने आपल्या माणसांना घरी पाठवलं, दुकानदारांनी शटर ओढली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावण्यात आलं. परदेशी ऑर्डर वेळेत रवाना व्हायची होती आणि आत जायला कचरणाऱ्यांना पगार कापण्याची धमकी मिळाली. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात अख्खी इमारत खाली बसली. 1,134 माणसं मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली.

तडे सगळ्यांनीच पाहिले होते. ‘आज आत जाणार नाही’ असं म्हणण्याची सोय बँकेतल्या कारकुनाला होती, शिवणयंत्रावरच्या मुलीला नव्हती. पाचपैकी एकाही कारखान्यात युनियन नव्हती. तपासनीस मात्र येऊन गेले होते. यातल्या काही कारखान्यांची युरोपीय खरेदीदारांच्या आचारसंहितेनुसार ‘सामाजिक तपासणी’ झाली होती. सात महिन्यांपूर्वी, सप्टेंबर 2012मध्ये कराचीच्या बलदिया भागातल्या कपडा कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार जळून मेले, त्या कारखान्यालाही आगीच्या काहीच आठवडे आधी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. अशा तपासणीची फी कारखानदार किंवा ब्रँड भरतो, अहवाल त्यांच्याच कपाटात जातो, आणि ज्याचा जीव जाणार त्याला त्यातलं अक्षरही दिसत नाही.

राणा प्लाझानंतर तीनच आठवड्यांनी, 15 मे 2013 रोजी, या पद्धतीला छेद देणारा दस्तऐवज तयार झाला. बांगलादेशातल्या कारखान्यांच्या आग आणि इमारत सुरक्षेसाठीचा हा करार, ‘अकॉर्ड’ या नावाने ओळखला जाणारा. एका बाजूला कपड्यांचे जागतिक ब्रँड, दुसऱ्या बाजूला इंडस्ट्रीऑल आणि युनी हे दोन जागतिक कामगार महासंघ आणि त्यांच्याशी संलग्न बांगलादेशी संघटना. पुढे दोनशेहून अधिक ब्रँडनी सह्या केल्या आणि सुमारे सोळाशे कारखाने कराराखाली आले. नियामक समितीत ब्रँड आणि युनियन यांना समान जागा होत्या, अध्यक्षपद आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे होतं.

कराराची खरी ताकद त्याच्या बारीक कलमांत होती. तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी करायची आणि अहवाल जाहीर करायचा. दुरुस्तीचा खर्च कारखानदाराला झेपेल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी ब्रँडवर. दुरुस्ती टाळणाऱ्या कारखान्याशी सर्व सभासद ब्रँडनी व्यवहार थांबवायचा. धोका दिसला तर काम नाकारण्याचा हक्क कामगाराला. आणि एखाद्या ब्रँडने शब्द पाळला नाही, तर युनियनने त्याला लवादासमोर खेचायचं. हे शेवटचं कलम शोभेपुरतं नव्हतं. 2016मध्ये दोन महासंघांनी हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात दोन बड्या ब्रँडविरुद्ध दावे दाखल केले. दोन्ही तडजोडीने मिटले, त्यातल्या एकात तेवीस लाख डॉलर मोजावे लागले, आणि त्यातला बहुतेक पैसा दीडशेहून अधिक कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी होता.

जिन्याच्या तोंडाशी कुलूप लावता येणारे सरकते जाळीचे दरवाजे हे बांगलादेशी कारखान्यांचं नेहमीचं दृश्य होतं. कापड चोरीला जाऊ नये म्हणून ते ओढून घेतले जात. नोव्हेंबर 2012मध्ये आशुलियाच्या ताझरीन कारखान्याला आग लागली तेव्हा धोक्याची घंटा वाजूनही व्यवस्थापकांनी कामगारांना जागेवर बसवून ठेवलं, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या, आणि किमान 112 जण दगावले. अकॉर्डच्या अभियंत्यांनी हे जाळीचे दरवाजे शेकडो कारखान्यांतून काढायला लावले, तिथे आग रोखणारे, आतून ढकलताच उघडणारे दरवाजे बसवले. खांबांवर पेलणार नाही एवढा कापडाचा साठा वरच्या मजल्यांवरून उतरवला. पहिल्या पाच वर्षांत नोंदलेल्या दोषांपैकी बहुतांश दुरुस्त झाले. वॉलमार्ट आणि गॅप यांनी अकॉर्डवर सही न करता ‘अलायन्स’ नावाची वेगळी व्यवस्था उभी केली होती. तिनेही कारखाने तपासले, दुरुस्त्या करून घेतल्या. मात्र तिच्या कारभारात कामगार संघटनांना बरोबरीचं स्थान नव्हतं.

मराठी वाचकाला इथे एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. श्रीमंत देशातल्या युनियनना गरीब देशातल्या कामगाराचा कळवळा येतो तो त्याच्यासाठी, की आपल्या नोकऱ्या वाचवण्यासाठी? मुंबईने हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच अनुभवला आहे. 1870च्या दशकात भारतीय गिरण्यांत कारखाना कायदा लागू करा, अशी ओरड सुरू झाली ती लँकेशायरमधून. मुंबईचं स्वस्त सूत तिथल्या मालकांच्या डोळ्यांत सलत होतं. म्हणूनच 1881च्या कायद्याला मुंबईचे गिरणीमालक विरोध करत होते आणि अनेक राष्ट्रवादी पत्रंही त्यांच्या बाजूने बोलत होती. हेतूबद्दल त्यांचं निदान चूक नव्हतं. पण कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई केली, आणि ही मनाई लँकेशायरच्या स्वार्थातून आली म्हणून त्या मुलांसाठी कमी मोलाची ठरत नव्हती. प्रौढ कामगारांबाबत कायदा गप्पच होता.

ती उणीव भरून काढायला मँचेस्टरचं कोणी आलं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात जखमी झालेल्याला भरपाई, अशा त्यातल्या मागण्या साध्या होत्या. साप्ताहिक सुटी मिळायला 1890 उजाडलं. लोखंड्यांनी लँकेशायरची वकिली केली नाही आणि स्वदेशी मालकांचीही केली नाही. परक्याच्या दबावाने उघडलेल्या फटीत त्यांनी आपल्या माणसांची मागणी घातली.

बांगलादेशातही मालकांची भाषा तीच होती: बाहेरचे लोक आमच्या देशात हुकूम सोडतात. 2018मध्ये एका कारखानदाराच्या याचिकेवरून तिथल्या उच्च न्यायालयाने अकॉर्डला कामकाज थांबवायला सांगितलं. पुढे तडजोड होऊन जून 2020मध्ये हे काम कारखानदार, ब्रँड आणि युनियन यांच्या संयुक्त स्थानिक संस्थेकडे गेलं. सार्वभौमत्वाचा हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु स्वस्त मजुरी देशाच्या नावाने विकणारे कारखानदार आणि ती शिवणयंत्रावर बसून पुरवणारी बाई, दोघांचा देश एक असला तरी हित एक नसतं.

बाहेरून आलेला दबाव घातकही ठरतो, याचा पुरावा बांगलादेशातच आहे. अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालावर आयातबंदी आणणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालंच नाही, पण त्याच्या नुसत्या धास्तीने 1993च्या सुमारास बांगलादेशी कारखानदारांनी हजारो मुलांना काढून टाकलं. युनिसेफच्या अंदाजाने ती सुमारे पन्नास हजार होती. त्यांतली कित्येक विटा फोडणं आणि त्याहून वाईट कामांकडे वळली. 1995मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी करार करून मुलांच्या शाळेची आणि भत्त्याची सोय केली, तेव्हा कुठे नुकसान थोडं आवरलं. राणा प्लाझानंतर अमेरिकेने बांगलादेशच्या आयातकरातल्या सवलती स्थगित केल्या. तयार कपड्यांना त्या सवलती मुळात लागूच नव्हत्या.

1996च्या सिंगापूर परिषदेत जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत कामगार हक्कांचं कलम घालण्याला भारताने विरोध केला, तो या अनुभवांच्या उजेडात समजण्यासारखा होता. व्यापारबंदीचं हत्यार सरकारच्या हाती असतं; ते केव्हा उगारायचं हे वॉशिंग्टन ठरवतं. अकॉर्डमध्ये लवादाकडे जाण्याचा अधिकार युनियनच्या हाती होता, आणि बंधन बांगलादेश सरकारवर किंवा देशावर नव्हतं, नफा खिशात घालणाऱ्या ब्रँडवर होतं. ‘मदत’ आणि एकजूट यांतला फरक इथे तपासावा लागतो: सही कोणाची आहे, आणि दावा कोण लावू शकतो?

भारतात हीच कसोटी लावता येईल असं उदाहरण तमिळनाडूच्या दिंडीगुलमध्ये आहे. एच अँड एमसाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यातल्या एका तरुण दलित कामगार मुलीचा जानेवारी 2021मध्ये तिच्या सुपरवायझरने खून केला. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखाली चालणाऱ्या तमिळनाडूतल्या युनियनने आशियाई आणि अमेरिकी कामगार संघटनांच्या साथीने एप्रिल 2022मध्ये कारखानदाराशी करार केला. एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच यांच्याशी स्वतंत्र बंधनकारक करार झाले. शिवणाऱ्या बायकांमधूनच निवडलेल्या प्रतिनिधींना छळाच्या तक्रारी हाताळण्याचं प्रशिक्षण देण्यात आलं. तक्रार घेऊन जायचं ते शेजारच्या मशीनवरच्या बाईकडे, हे त्या बायकांसाठी मोठं स्थित्यंतर होतं. छळ करणारा अनेकदा सुपरवायझरच असतो आणि तक्रारही एरवी त्याच्याच मार्फत वर जाते.

एवढं होऊनही पगाराचा प्रश्न जागच्या जागी आहे. अकॉर्डने इमारत वाचवली, मजुरीला हात लावला नाही. बांगलादेशात कपडा उद्योगातलं किमान मासिक वेतन 2018मध्ये 8,000 टका झालं आणि पाच वर्षं तिथेच राहिलं. 2023च्या शरदात कामगार संघटनांनी 23,000 टक्यांची मागणी करत रस्ते अडवले, आंदोलनात कामगारांचे जीव गेले, आणि सरकारने आकडा ठरवला 12,500. वाढीव मजुरीचा भार खरेदीच्या भावात कोणी उचलायचा, यावर ब्रँडना बांधणारा कागद नव्हता.

असा कागद अशक्य आहे, असं म्हणणाऱ्यांनी जहाजांकडे बघावं. 1948मध्ये वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पनामासारख्या देशांचे सोयीचे झेंडे लावून स्वस्तात खलाशी ठेवणाऱ्या जहाजमालकांविरुद्ध मोहीम सुरू केली. सुरुवातीला त्यातही युरोप-अमेरिकेतल्या खलाशांच्या नोकऱ्यांची चिंता होती. काळाच्या ओघात फिलिपिनो, भारतीय खलाशीही त्याच टेबलावर आले. करार नसलेल्या जहाजाचा माल उतरवायला गोदी कामगार नकार देऊ शकतात, हा धाक मागे होता. 2003पासून मालक आणि युनियन यांच्यात या जहाजांसाठी जागतिक पातळीवर वेतनाच्या वाटाघाटी होतात. मुंबईत भरती होऊन निघालेल्या खलाशाचा पगार अशा जहाजावर या जागतिक वाटाघाटीतून ठरू शकतो.

शिलाई कामगाराजवळ गोदीतल्या माणसासारखी जहाज अडवायची जागा नाही. ब्रँड आज ढाका, उद्या अदिस अबाबा असा हलू शकतो. म्हणून पुढचा करार एका देशापुरता राहून चालणार नाही. जानेवारी 2023पासून अकॉर्डची व्यवस्था पाकिस्तानात नेण्यात आली, ती पुरेशी नसली तरी त्याच दिशेची पायरी आहे. त्यात वेतनाचं आणि खरेदीच्या भावाचं कलम घालण्यासाठी ढाका, कराची आणि तिरुप्पूर इथल्या संघटनांनी एकत्र मागणी मांडली, तर ब्रँडना एका शहराला दुसऱ्याविरुद्ध उभं करणं अवघड जाईल. बांगलादेशातलं वेतन वाढलं की ऑर्डर आपल्याकडे येतील, या हिशोबाने तिरुप्पूरचे मालक खूष होतात. तिथल्या युनियनने काय म्हणायचं, हे अजून ठरायचं आहे.