आपल्या आतला रामेश्वरभट्ट

तारणहार यावा म्हणून आपण उपासतापास करतो आणि तो खरंच आला तर त्याला उंबऱ्यावरच अडवतो. असं का होत असावं?

तुकोबांना विरोध करणारे वाघोलीचे रामेश्वरभट्ट विद्वान होते, धर्मनिष्ठ होते. त्यांच्या विरोधामुळेच वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असं परंपरा सांगते. देहूचा एक वाणी साध्या मराठीत वेदांचा अर्थ सांगू लागला, तर जन्मभराच्या अध्ययनाचं काय, ही भीती त्यामागे असणार. चोखोबांचं १३३८ साली निधन झालं, पण पंढरीचं देऊळ दलितांना खुलं व्हायला १९४७ उजाडलं, आणि त्यासाठीही साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. दार अडवणारेही विठ्ठलाचेच भक्त होते!

माझ्या संगणक क्षेत्रातही हेच दिसतं. नवी प्रणाली सगळ्यांनाच हवी असते. तिला सर्वांत जास्त विरोध होतो तो जुनी प्रणाली ज्या एकालाच कळते त्याचा.

कोणी म्हणेल, बुवाबाजीच्या काळात संशय घेतलेलाच बरा. अगदी मान्य! पण भोंदू बाबा आपले पैसे घेतो आणि आपली खुर्ची शाबूत ठेवतो. खरा संत पैसे मागत नाही, खुर्चीवरून उठायला सांगतो. म्हणून तो जड जातो.

काही वर्षांपूर्वी बनेद अल-गारला आमच्या फ्लॅटवर आषाढीचं भजन होतं. ड्रायव्हरचं काम करणारे एक काका आले होते. काय गायले! निघताना म्हणाले, "साहेब, पुढच्या वेळी शुक्रवारी आमच्या कॅम्पात ठेवा ना. पोरांना तेवढीच सुट्टी असते." मी जागा, पार्किंग, परवानगी अशी कारणं सांगितली. सगळी खरी होती. पण खरं कारण वेगळंच होतं. तिथे यजमान ते असते आणि मी मागच्या रांगेत बसलो असतो. काका पुन्हा आले नाहीत.

ते संत होते असं मी म्हणत नाही. माझा नकार मात्र त्याच जातीचा होता.

रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. आपण म्हणतो ती तुकोबांची आरती त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे अडवणाऱ्यालाही वाट बंद नसते. यंदाची आषाढी कॅम्पात करावी असं मी घरी बोललो आहे. मंडळी, येणार ना?