आजचं चिंतन : पळणारं मन आणि संध्याकाळचं खुराडं (गीता ६.२६)



आज वाचनात सहाव्या अध्यायातला २६ वा श्लोक आहे. भावार्थ असा, की हे चंचल मन जिथे जिथे भटकायला जाईल, तिथून तिथून त्याला आवरून पुन्हा आत्म्याच्या ठायी आणावं.

एक गोष्ट बघा. मनाला जाऊच देऊ नकोस, असं भगवंत इथे म्हणत नाहीत. ते जाणार हे त्यांनी धरूनच चाललंय. आपलं काम परत आणण्याचं.

पण मग तिसऱ्या अध्यायातला ३३ वा श्लोक आठवतो आणि गोंधळ उडतो. तिथे तेच भगवंत सांगतात, की ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, मग निग्रह करून काय होणार? आता यातलं कुठलं धरायचं? मन आवरायचं, की ते आपल्या स्वभावानं चालणार म्हणून सोडून द्यायचं? आपण सोयीप्रमाणे दोन्ही वापरतो. जपाला बसायचा कंटाळा आला की म्हणतो, ‘माझा स्वभावच नाही तो’. आणि दोन दिवस नेम चुकला की स्वतःला इतकं झोडपतो, की तिसऱ्या दिवशी माळेकडे बघायचीही लाज वाटते.

या प्रश्नाचं उत्तर मला कोंबड्यांच्या खुराड्यापाशी दिसतं. हसू नका! माळ घातलेल्यांनीही जरा धीर धरा, आज फक्त पिल्लांना घर कसं लावतात तेवढंच बोलायचंय.

कोंबडीविना वाढवलेली पिल्लं सुरुवातीला उबेत ठेवावी लागतात. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पाच-सहा आठवड्यांत अंगावर पिसं भरतात आणि ती बाहेरच्या खुराड्यात हलवता येतात. पण नेऊन सोडली आणि झालं, असं होत नाही. नव्या जागेत पहिल्याच दिवशी दार उघडं टाकलं, तर दिवसभर ती मजेत चरतात आणि अंधार पडायला लागला की गोंधळतात. कुणी झुडपात बसतं, कुणी खुराड्याच्या छपरावर, कुणी जिथे असेल तिथेच कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. रात्री रानमांजर किंवा भटकं कुत्रं आलं, की बाहेर राहिलेलं पिल्लू सकाळी नसतं.

म्हणून जाणती माणसं आधी आठवडाभर पिल्लं आतच ठेवतात. दाणा आत, पाणी आत, हवा खेळती, बसायला आडवी काठी. ही शिक्षा नव्हे. आपलं घर कुठलं, हे पिल्लाच्या अंगात मुरायला तेवढे दिवस लागतात. मग पहिल्यांदा दार उघडायचं ते सकाळी नाही, तर सूर्य मावळायच्या तासभर आधी. पोट रिकामं असतं, उजेड थोडाच उरलेला असतो, त्यामुळे ती लांब जात नाहीत. दिवेलागणीला डब्यातले दाणे खुळखुळवायचे. बहुतेक आत येतात. हळूहळू बाहेरचा वेळ वाढवत न्यायचा.

तरी दोन-चार बाहेर राहतातच. त्यांच्यामागे काठी घेऊन धावायचं नाही. धावलात, तर खुराडं म्हणजे पकडलं जाण्याची जागा, एवढंच ती शिकतात. पूर्ण अंधार होऊ द्यायचा. मग ती शांत असतात. एकेकाला दोन्ही हातांनी उचलायचं आणि आत काठीवर बसवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. काही दोन-तीन संध्याकाळींत शिकतात, काहींना कितीतरी दिवस लागतात. पण एक संध्याकाळ अशी येते, की दिवे लागायच्या आत सगळी आपली आपण आत गेलेली असतात आणि तुम्हाला फक्त दार लावायचं उरतं.

आता ३३ वा श्लोक पुन्हा वाचा. अंधार पडताना उंचावर, सुरक्षित जागी जाऊन बसायची ओढ पिल्लाला कुणी शिकवलेली नाही. तिचे रानातले पूर्वज रात्री झाडावर बसत, तिथून ती आली आहे. म्हणजे परतण्याची ओढ हीसुद्धा प्रकृतीच आहे! पाळणारा फक्त त्या ओढीला जागा दाखवतो. दिवसा भर उन्हात पिल्लांना आत हाकलणं म्हणजे प्रकृतीशी कुस्ती, आणि त्या निग्रहानं काही होत नाही. संध्याकाळच्या ओढीला घर दाखवणं म्हणजे अभ्यास. तिसरा अध्याय आणि सहावा अध्याय भांडत नाहीत, मंडळी. पहिला सांगतो जबरदस्ती चालणार नाही. दुसरा सांगतो, वाट दाखवत राहा.

ज्ञानेश्वर माउलींनी याच श्लोकावर लिहिताना फार मोठा दिलासा दिलाय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एकच नियम मनापासून आपलासा करा. तेवढ्यानं मन स्थिर झालं तर उत्तम. नाही झालं तर खुशाल मोकळं सोडा. ते जिथे जाईल तिथून तो नियमच त्याला घेऊन येईल, आणि असं होता होता त्याला स्थिर राहायची सवय लागेल. मोकळं सोडा, हे शब्द एका योगेश्वराचे आहेत, हे विसरू नका. पण आधी नियम, मग मोकळीक. आधी आठवडाभर घर, मग अंगण.

आता एक अवघड प्रश्न. एखाद्या जिवाला ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून कोंडणं योग्य आहे का?

प्रामाणिकपणे बोलूया. कोंबड्या पाळणाऱ्याला अंडी हवी असतात, काहींना त्याहूनही जास्त. तेव्हा त्याची काळजी निव्वळ प्रेम असतं, असं म्हणता येत नाही. आपल्यावर नियम घालणाऱ्यांच्या मनातही अशीच सरमिसळ असते. आईबाबांना आपलं भलं हवं असतं आणि चारचौघांत मान ताठही ठेवायची असते. म्हणून हेतू शुद्ध आहे का, एवढंच विचारून भागत नाही. मला वाटतं, दाराकडे बघावं. हे दार उघडायचं आहे, असं ठरवून लावलंय का? अंधारात बाहेर राहिलेल्या पिल्लासाठी दार लावणारा स्वतः उठून जातो का, की ‘मेलं तर मेलं, ऐकत नाही’ म्हणतो? आणि दिवसेंदिवस अंगण मोठं होतंय, की लहान?

पिंजऱ्यात अख्खं आयुष्य काढणारी अंड्यांची कोंबडीही बंदच असते आणि तिलाही दाणा-पाणी वेळेवर मिळतं. पण तिचं दार उघडण्यासाठी बनलेलंच नसतं. बाहेरून दोन्ही बंद दारं सारखीच दिसतात, फरक आठव्या दिवशी कळतो.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या सत्संगाशी, गटाशी जोडलेले आहेत. सुरुवातीला कडक नियम असणं चांगलंच. हे वाचू नका, तिकडे जाऊ नका, अमुक वाजता उठा. कोवळ्या पिसांना ते लागतं. पण वर्षं गेली तरी प्रश्न विचारणं पाप ठरत असेल, बाहेरच्या मित्रांना भेटायची भीती वाटत असेल, तर थांबून विचार करा. ज्या साधनेनं मोकळ्या अंगणातूनही आपण आपल्या पायांनी परततो, ती साधना. जी दार उघडायलाच घाबरते, तिला धाक म्हणतात.

हाच नियम स्वतःलाही लावा. आपण आपल्याच मनाचे पाळणारे आहोत. जपात मन ऑफिसच्या ग्रुपवर गेलं, मग इन्स्टावर गेलं, मग कुणाच्या तरी बोलण्यावर गेलं. चिडून काठी घेतलीत, तर उद्या मन जपाच्या आसनालाच घाबरेल. दोन्ही हातांनी उचला आणि नामावर बसवा. दहा वेळा गेलं, तर दहा वेळा. किती वेळा गेलं याचा हिशेब कुणी मागत नाही. ३५ व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला मन आवरायला कठीण आहे हे आधी मान्य करतात आणि मगच अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. कठीण आहे म्हणाल्याबद्दल त्याला रागावत नाहीत.

कोंबडीत आणि आपल्यात एक फरक मात्र आहे. तिला घर दुसऱ्यानं निवडून दिलेलं असतं. आपल्याला कुठे परतायचं ते स्वतः ठरवता येतं. हा विवेक म्हणजे मोठी देणगी आहे, आणि जबाबदारीही.

आजची साधना : पुढचे सात दिवस एकच छोटा नेम. दिवेलागणीला, असाल तिथे, पाच मिनिटं नाम. लोकलमध्ये असलात तरी चालेल. वेळ तीच, नाम तेच. मन पळालं तर न रागावता परत आणायचं. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बसायचं, दुप्पट करायचं नाही.

पांडुरंगा, आमची मनं दिवसभर अंगणभर हिंडतात. अंधार पडायच्या आत त्यांना तुझ्या दाराची आठवण दे. आणि जे कुणी बाहेर राहिले असतील, त्यांना हळुवार उचलून आणणारे हात आम्हाला दे.

रामकृष्णहरि!