सेवा आणि बिदागी : दशावताराच्या अर्थव्यवहारातील एक नैतिक प्रश्न

कलेचे मोल पैशात झाले की तिचे पावित्र्य उणावते, ही धारणा आपल्या नाट्यविचारात खोल रुजलेली आहे. सिंधुदुर्गातील दशावताराच्या संदर्भात ती तपासली असता तिच्यातील विसंगती स्पष्ट होते.

जत्रेतील दशावतार हा विधी आहे, तसाच व्यवसायही. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर यांचा पूर्वरंग, लिखित संहितेवाचून रात्रभर चालणारे आख्यान आणि पहाटेचा दहीकाला ही त्याची विधिरूप चौकट होय. परंतु वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर यांच्या मंडळांना लोक ‘कंपनी’ म्हणतात आणि कंपनीला बिदागी मिळते. म्हणजे पैसा येथे बाहेरून शिरलेला नाही. विशेष इतकाच की, येथे नटाचे श्रम विकत घेतले जातात. प्रेक्षकाचे पाहणे विकले जात नाही. देवळासमोरच्या रंगस्थळाला दार नसते.

दार आले की हा संबंध पालटतो. लंडनमध्ये जेम्स बर्बेजने १५७६ साली ‘द थिएटर’ उभारले. तेथे एक पेनी देणारा अंगणात उभा राही. सज्जात बसणाऱ्याला अधिक द्यावे लागे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत राजाश्रयाने नाटक केले. चिंतामणराव पटवर्धनांच्या निधनानंतर १८५३ साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. दाराने निर्धनाला वगळले, हे खरे. पण त्याच दाराने नटाला आश्रयदात्याच्या मर्जीतून सोडवले आणि हिशेब मागण्याची जागा दिली. १५९९ च्या ‘ग्लोब’मध्ये शेक्सपिअरसह काही नट नाट्यगृहाचेच भागीदार होते.

म्हणून खरा नैतिक प्रश्न पैसा असावा की नसावा, हा नाही. ‘सेवा’ हा शब्द कोण उच्चारतो, हा आहे. रात्र जागवून देवाचे सोंग उभे करणारा नट आपल्या कामाला सेवा म्हणतो, तेव्हा ते त्याचे मूल्यभान असते. बिदागी ठरवणाऱ्याने तोच शब्द वापरला, तर ती काटकसरीची सबब ठरते. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या सोयीचे साधन होते, आणि तेथेच पावित्र्याचा भंग होतो.

विनादार रंगस्थळाचे औदार्य गावाचे मानले जाते. त्याची किंमत एकट्या नटाने भरायची असेल, तर त्या औदार्याला नैतिक म्हणता येणार नाही.